चिंध्यांची पिशवी

२०१८ साली महाराष्ट्र शासनाने प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, तेव्हा आमच्या धर्मग्रामातील काही भगिनींनी जुन्या सुती वस्त्रांच्या पट्ट्यांपासून पिशव्या विणण्याचे कार्य हाती घेतले. त्यांच्या विनंतीवरून रविवारच्या मिस्सानंतर आम्ही वेदीवरून आवाहन केले. पाच भाकरी व दोन मासे यांनी हजारोंची भूक भागल्यावरही प्रभू येशूने उरलेले तुकडे गोळा करावयास लावले, काहीही वाया जाऊ दिले नाही, याचे स्मरण आम्ही भाविकांना करून दिले. पुढच्या रविवारी मंदिराच्या पडवीत जुन्या पातळांचा ढीग साचला.

त्या ढिगात आमचे मात्र काही नव्हते.

विणकाम शिकवणाऱ्या वयोवृद्ध मावशींनी सहज विचारले, "फादर, तुमच्याकडचं काही जुनं?" आम्ही हसून म्हणालो, "आमच्याकडे झग्यांवाचून काय असणार, मावशी?" हे उत्तर खरे नव्हते. प्रभूने आमच्या आईला आपल्या सदनी नेले, तेव्हापासून तिची सहा सुती पातळे आमच्या खोलीतील पेटीत घडी घालून ठेवलेली होती. वस्तूंचा मोह सोडा, असा उपदेश आयुष्यभर करीत आलेल्या आम्हांला ती पेटी कोणापुढे उघडवत नव्हती.

त्या रात्री ती उघडली. हिरव्या काठाचे पातळ उलगडताच ते घडीच्या रेषेवर विरलेले दिसले. सुती वस्त्र वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिले की तेथील धागे तुटू लागतात. आम्ही जे जपत होतो, ते आमच्या जपण्यानेच झिजत होते.

सकाळी ते पातळ मावशींपुढे ठेवले. त्या क्षणभर काही बोलल्या नाहीत. मग कडेला कात्रीची एक खूण करून म्हणाल्या, "तुमच्या हातानं फाडा, फादर." सुती कापड लांबीच्या दिशेने सरळ फाटते. तो आवाज ऐकताना आमचे डोळे भरून आले.

सुमारे ५ मीटर लांब आणि ११० सेंटिमीटर रुंद पातळाच्या अडीच सेंटिमीटर रुंदीच्या ४४ पट्ट्या निघतात. म्हणजे एका पातळातून जवळजवळ २२० मीटर लांबीची दोरी. विरलेला भाग तेवढा कापून टाकावा लागतो. पट्ट्या जोडताना गाठ मारीत नाहीत. दोन्ही टोकांना छोटी चीर देतात, एक चीर दुसरीवर ठेवतात आणि नव्या पट्टीचे शेपूट दोहोंतून ओवून ओढून घेतात. दोघींनी थोडे फाटून घेतल्यावाचून हा सांधा होत नाही.

मग १० मिलिमीटर जाडीच्या सुयांवर वीस टाके घालून आम्हीही बसलो. पातळ विणताना ताणा आणि बाणा असे धाग्यांचे दोन संच लागतात. पिशवीच्या विणीत दोरी एकच असते, आणि प्रत्येक नवा टाका आधीच्या टाक्यातून बाहेर ओढलेला असतो. सरळ सुलट टाक्यांचा लांब पट्टा विणून तो दुमडला व दोन्ही बाजू शिवल्या. आमची पहिली पिशवी पाहून भगिनींना हसू आवरेना. बंद सैल विणल्यामुळे दोन किलो बटाट्यांच्या भाराने ती आमच्या गुडघ्यापर्यंत लोंबू लागली! मावशींनी शांतपणे बंद उसवला आणि तीच पट्टी पुन्हा आमच्या हाती दिली. "घट्ट विणा आता. उसवलं म्हणून काही वाया जात नाही."

त्या पिशवीतून आता प्रार्थनापुस्तक व स्टोल घेऊन आम्ही आजाऱ्यांच्या भेटीस जातो. उरलेली पाच पातळे आम्ही पुढच्या रविवारी पडवीत नेऊन ठेवली. त्यांच्या पिशव्या कोणाकोणाच्या घरी गेल्या, ते आम्ही विचारले नाही.

तरी कधी बाजाराच्या वाटेवर एखाद्या भगिनीच्या खांद्यावर आईच्या पातळाचा ओळखीचा रंग दिसतो. आत वांगी असतात, मेथीची जुडी असते. आई बाजारातून हेच आणीत असे.