आमच्या गॅलरीतला बाप-लेक



अश्दोदला आमच्या गॅलरीत नातवाने झेब्रा फिंचची जोडी आणून ठेवली, तेव्हा आम्ही दोघं कुरकुरलोच. या वयात ही कसली उसाभर? पण हां हां म्हणता लळा लागला.

मुलांनो, हा पक्षी मूळचा ऑस्ट्रेलियाचा. लांबी जेमतेम १० सेंटिमीटर, वजन १२ ग्रॅमच्या आसपास. कोकणात भातावर थवे उतरायचे, त्या मुनियांचाच हा नातलग. नराच्या गालावर नारिंगी ठिपका, चोच लालभडक. मादी साधी, करडी. राळा-बाजरी खातात, आंघोळीची भारी हौस. हातात घेतलेलं मात्र खपत नाही, आणि एकट्याला करमत नाही, म्हणून जोडीच ठेवावी. हाका दोघंही मारतात, अगदी खेळण्यातल्या पिपाणीसारख्या. पण गातो फक्त नर.

मादीने पाच अंडी घातली. दोघं आळीपाळीने उबवायला बसली. दोन आठवड्यांनी पिल्लं, आणखी तीन आठवड्यांनी ती घरट्याबाहेर, काळ्या चोचींची. जगली दोनच, त्यातला एक नर.

मग हमसीनच्या एका दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो आणि पिंजरा उन्हातच राहिला. परत येऊन पाहतो तर बाप तळाशी पडलेला. बाकीची धापा टाकत होती, सावलीत नेली, वाचली. चूक आमचीच. नातवाला फोनवर सांगताना आवाज फुटेना.

या पक्ष्यांत पोरगा गाणं शिकतो ते बापाचं ऐकून, पहिल्या तीन महिन्यांत. ऐकायला मिळालंच नाही तर जन्मभर वेडंवाकडं गातो. आमचं पिल्लू तेव्हा दीड महिन्याचं. आम्ही म्हटलं, बापाबरोबर गाणंही गेलं. काही आठवडे ते नुसतं पुटपुटायचं, तान्हं मूल बोबडं बोलतं तसं.

एका शुक्रवारी आम्ही न्याहारीला बसलो होतो, नातूही होता. अन् गॅलरीतून बापाचंच गाणं आलं, शेवटच्या टिचकीसकट! दीड महिन्यात ऐकलेलं त्याने पोटात जपून ठेवलं होतं.

आमच्या नातवाला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिब्रूत. त्या दिवशी मात्र पिंजऱ्यापाशी धावत गेला आणि ओरडला, "आजी, बाबासारखा गातो तो!"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं, बोललो काहीच नाही.

पिंजरा आता सावलीतच असतो. तुम्हीही तसाच ठेवा.