बोलण्याआधीची धाकधूक

आज पुन्हा तेच पाहिलं. जर्मनच्या वर्गातली ती मुलगी. व्याकरण चोख, वहीत चूक सापडायची नाही. पण उभं केलं की ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहते, आवाज फुटत नाही. तीच ऑनलाइन तासाला कॅमेरा बंद ठेवून सलग बोलते. कुणी हसताना दिसत नाही ना! उलट वर्गात बडबडणारा एक जण पडद्यापुढे गप्प. समोरच्यांच्या माना हलताना दिसल्याशिवाय त्याला धीर येत नाही. मानसशास्त्रज्ञ मॅकइंटायर आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्या भाषेत बोलण्याच्या तयारीविषयी १९९८ मध्ये मांडलेल्या प्रारूपात भाषा येणं आणि बोलावंसं वाटणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मला ते रोज पटतं. म्हणून शिक्षकांनो, मुलांचं वाक्य पुरं होण्याआधी चूक दुरुस्त करू नका.