खाज थांबली म्हणजे नायटा गेला असं नाही



पावसाळा तोंडावर आलाय. पुढचे चार महिने माझ्या मेडिकलच्या काउंटरवर एक वाक्य रोज ऐकू येणार. माणूस आधीची दोन गिऱ्हाइकं जायची वाट बघतो, आवाज खाली घेतो आणि म्हणतो, "शेठ, ती खाजेची ट्यूब द्या." कुठे खाज येते ते तो सांगत नाही, मीही चारचौघांत विचारत नाही. जांघ, कंबर, काख, बायकांना छातीखाली. जागा ठरलेल्या आणि रोगही बहुतेक ठरलेला. नायटा म्हणा, गजकर्ण म्हणा, दाद म्हणा.

मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. पण ही "खाजेची ट्यूब" आपल्या तालुक्यात काय करतेय ते रोज समोर दिसतं, म्हणून हे लिहितोय. पोस्ट मोठी आहे, पण वाचा.

नायटा हा बुरशीचा रोग आहे. ही बुरशी कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात, केसांत आणि नखांत वाढते. तिला घाम, ओल आणि ऊब लागते. म्हणून पावसात न वाळलेली चड्डी, घट्ट जीन्स आणि घरात सगळ्यांचा मिळून एकच टॉवेल असला की तिची चंगळ. कमरेचा करदोटासुद्धा दिवसभर ओला राहतो आणि नेमका त्याच्याखाली पट्टा उमटतो.

आता त्या ट्यूबकडे या. तिच्यात तीन-चार औषधांची मिसळ असते. एक बुरशीचं औषध, एक-दोन जंतूंची आणि सोबत स्टेरॉइड. बऱ्याचदा ते क्लोबेटासोल असतं, म्हणजे कातडीला लावायच्या स्टेरॉइडमधलं सगळ्यात जहाल. खाज आणि लाली ही खरं तर आपल्या शरीराची बुरशीशी चाललेली मारामारी असते. स्टेरॉइड त्या मारामारीत आपल्याच शिपायांना खाली बसवतं. दोन दिवसांत खाज थांबते आणि माणूस खूश. बुरशी मात्र तिथेच असते आणि आता तिला अडवायला कुणी नसतं. ट्यूब बंद केली की आठवडाभरात दुप्पट जागेत उठते. मग दुसरी ट्यूब, मग तिसरी. शेवटी गोल कडाही पुसट होतात आणि एका गोलात दुसरा गोल दिसायला लागतो. अशा वेळी डॉक्टरलाही नुसतं बघून ओळखणं अवघड जातं.

गेल्या वर्षी भरतीची तयारी करणारा एक पोरगा आला. पहाटे धावायचं, ओल्या ट्रॅकपँटवरच क्लासला बसायचं, खोलीवर सहा जण. सात-आठ महिने अशीच ट्यूब लावत होता, मधे कुणाकडून तरी "खाजेचं इंजेक्शन"ही घेतलं होतं. मी त्याला आत बसवून विचारलं तेव्हा त्याने मांडी दाखवली. पोट वाढलेल्या बाईच्या पोटावर पडतात तसे जांभळट चिरे, बोटाएवढे रुंद. जांघेची कातडी आधीच पातळ, हातापेक्षा ती औषध कितीतरी पट जास्त ओढते, म्हणून तिथे हे लवकर होतं. त्याने विचारलं, "शेठ, हे कधी जाणार?" मी खरं ते सांगितलं. नायटा जाईल, चिरे जाणार नाहीत. रंग फिका होईल, खुणा राहतील. एकवीस वर्षांचा पोरगा, काही बोलला नाही.

आणि हे फक्त जांघेपुरतं नाही. हीच ट्यूब "गोरं व्हायची क्रीम" म्हणून चेहऱ्याला लावणाऱ्या मुली आहेत. आधी चेहरा उजळतो. पुढे कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसतात, पुटकुळ्या येतात. क्रीम सोडली की चेहरा भाजल्यासारखा लाल होतो, म्हणून सोडवतही नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. स्टेरॉइड मलम म्हणजे विष नव्हे. इसब, सोरायसिस, पांढरे कोड यांत तेच औषध डॉक्टर देतात आणि द्यायलाच पाहिजे. प्रश्न आहे तो रोग कुठला ते न बघता, किती दिवस ते न सांगता काउंटरवरून विकण्याचा.

यासाठी कायदा आहे. २०१८ साली केंद्र सरकारने कातडीला लावायची १४ स्टेरॉइड औषधं शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. त्याच वर्षी ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यात अशी काही मलमंही होती. पण औषध थोडं बदलून नवी मिसळ येते आणि नव्या नावाने विकली जाते. मी चिठ्ठी मागितली की गिऱ्हाईक म्हणतं, "राहू द्या, पलीकडे मिळते." आणि मिळतेच. माझं गिऱ्हाईक जातं ते जाऊ दे, त्या माणसाचा नायटा घरात बायकोला आणि पोरांना जातो. आणि काही वेळा चिठ्ठीवरसुद्धा हीच मिसळ लिहिलेली असते, तेही सांगायला हवं.

याची किंमत आता तालुक्याच्या बाहेर गेलीये. नायट्याच्या एका नव्या बुरशीचं २०२० मध्ये नाव ठेवलं गेलं, ट्रायकोफायटन इंडोटिनी. नावातच आपला देश आहे. टर्बिनाफिन या नेहमीच्या गोळीला ती बऱ्याचदा दाद देत नाही. २०२३ मध्ये ती अमेरिकेत न्यूयॉर्कलाही सापडली. अशी बुरशी पसरण्यामागे अर्धवट उपचार आणि या मिसळ मलमांचा वाटा आहे, असं त्वचारोगतज्ज्ञ सांगत आलेत.

मग करायचं काय?

नायटा वाटला तर आधी डॉक्टर. शंका असेल तर कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, साधी तपासणी आहे. नुसतं बुरशीचं मलम दिलं असेल तर ते डागावर आणि डागाबाहेर दोन बोटं लावायचं, आणि डाग गेल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस, साधारण दोन आठवडे चालू ठेवायचं. पसरलेल्या नायट्याला गोळ्या लागतात, महिना किंवा त्याहून जास्त. पोरांच्या डोक्यात नायटा झाला तर नुसत्या मलमाने जात नाही, औषध पोटात जावं लागतं. पायाचं नख बिघडलं असेल तर नवं नख यायलाच वर्षभर लागतं, तेव्हा धीर धरा. गोळ्या मनाने घेऊ नका, लिव्हरवर परिणाम होऊ शकतो आणि दुसऱ्या औषधांशी जमत नाहीत.

घरात ज्यांना खाज आहे त्या सगळ्यांचा उपचार एकदम. कपडे गरम पाण्यात, उन्हात उलटे वाळवून. ऊन नसेल तर इस्त्री. टॉवेल ज्याचा त्याचा. लसूण, रुईचा चीक चोळू नका, कातडी भाजते.

आणि रात्री सगळं घरच खाजवत असेल, बोटांच्या बेचक्यात बारीक पुळ्या असतील, तर तो नायटा नसून खरूज असू शकते. तिचं औषध वेगळं. मानेपासून पायापर्यंत, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं.

आता मागणी. आपल्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस तरी त्वचारोगाचा डॉक्टर बसावा. बुरशीच्या गोळ्या पाच दिवसांच्या न देता पूर्ण कोर्सच्या मिळाव्यात. वसतिगृहांत आणि ऊसतोडीच्या तळांवर पावसाळ्यात आणि हंगामात तपासणी व्हावी. अन्न व औषध प्रशासनाने चिठ्ठीशिवाय विक्री तपासावी, त्यात माझं दुकानही तपासावं. आमदारसाहेब आणि जिल्हा परिषद सदस्य यांना हे निवेदन म्हणून देणार आहोत. सही करायची असेल त्यांनी कमेंटमध्ये नाव आणि गाव लिहा.

तोवर घरातली ट्यूब काढा आणि खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यातलं एखादं नाव असेल आणि ती नायट्याला लावत असाल, तर ती घेऊन डॉक्टरांकडे जा. वाचता आलं नाही तर दुकानात आणा, मी वाचून सांगतो. काही विकत घ्यायची गरज नाही.