रेशनकार्ड आणि ग्रीनकार्ड
मावल्यातील आमच्यासारख्या जुन्या मराठी घरांत रेशनकार्डावर नाव असणे म्हणजे इथल्या वास्तव्याची साक्षच. अमेरिकेत मात्र फेब्रुवारी २०२० मध्ये, सरकारवर भार होईल अशास ग्रीनकार्ड नाकारण्याचा कठोर नियम लागू झाला. आम्हीच घाबरून कन्येस फोनवर सांगितले, "बाळाचे नाव मेडिकेडमधून काढ." जावई तिथले नागरिक, नातूही जन्माने नागरिक, अर्ज एकट्या कन्येचा. तिने ऐकले. वडिलांचा शब्द ना! नातवाच्या दम्याचे औषध वर्षभर पदरच्या पैशांनी आले. पुढे वकिलाने उलगडून सांगितले, की मुलाने घेतलेला लाभ त्या नियमानेही आईच्या नावे मोजला जात नव्हता. मोजायचे ते तिने स्वतः घेतलेले साहाय्य. मार्च २०२१ मध्ये तो नियमही गेला. कन्येने आम्हांस एका शब्दानेही दुखावले नाही. औषधांच्या पावत्या मात्र तिने अजून जपून ठेवल्या आहेत, असे नातू सांगतो.