हौदातलं क्षपण

गड्ड्याची यात्रा सरली की सोलापुरातल्या दहावीच्या मुलांना अभ्यासाची जाग येते. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास नंदीध्वजांची मिरवणूक, होम मैदानावरचे पाळणे, आणि ते उतरतात न उतरतात तोच पूर्वपरीक्षा. त्या दिवसांत पूर्व भागातल्या आमच्या गच्चीवर संध्याकाळी मुलं जमतात आणि मी त्यांच्याकडून विज्ञान भाग १ ची उजळणी करून घेते. बहुतेकांच्या घरी तेलुगू बोलतात. आया विड्या वळतात, वडील यंत्रमागावर नाहीतर सुताच्या रंगकामावर असतात.

पेपर ४० गुणांचा, वेळ २ तास, धडे १०. पाठांतराच्या बाबतीत ही मुलं पक्की असतात. क्षपण म्हणजे काय विचारलं तर सगळी एका सुरात सांगतात, ऑक्सिजन निघून जाणे किंवा हायड्रोजन मिळणे. हे कुठं घडताना पाहिलंय का विचारलं, की सगळी वहीत बघतात. मला ते चालत नाही. पेपरात ‘शास्त्रीय कारणे लिहा’ आलं की नुसती व्याख्या अर्ध्यावर सोडून देते, आणि उरलेल्या आयुष्यात तर तिचा काहीच उपयोग राहत नाही.

त्यांच्यातल्या एका मुलीचे वडील सूत रंगवण्याच्या कारखान्यात कामाला आहेत. १८७७ साली इथं जुनी मिल उभी राहिली तेव्हापासून हे गाव सुतावर जगत आलंय. चादरीचा आणि टॉवेलचा रंग धुण्यात टिकतो म्हणून लोक सोलापूरचं नाव घेतात. तो रंग नेमका का टिकतो, याचं उत्तर ‘रासायनिक अभिक्रिया व समीकरणे’ या धड्यातल्या क्षपण आणि ऑक्सिडीकरणात आहे. मालकांची परवानगी काढली आणि एका रविवारी मुलांना घेऊन गेले.

आत शिरताच नाकात झोंबणारा, गंधकासारखा वास. “लांबूनच बघा पोरांनो, कॉस्टिक हाय ते,” मुलीच्या वडिलांनी आधीच बजावलं. त्या दिवशी हिरवा रंग चालला होता. पण हौदात हिरवं काहीच दिसत नव्हतं. पाणी गडद निळं, आणि त्यात काठ्यांवर टांगलेल्या सुताच्या लडीही निळ्याच. त्यांनी एक लड वर काढली, पिळली आणि हवेत धरली. कडेकडेनं निळा उतरत गेला, हिरवा चढत गेला. पाहता पाहता अख्खी लड हिरवीगार झाली. मुलं आवाजच करेनात.

मग मी तिथंच उभ्या उभ्या विचारलं, पाण्यात कशाचं क्षपण झालं? हा व्हॅट जातीचा रंग मुळात पाण्यात विरघळतच नाही, मग सुतात शिरणार कसा? म्हणून हौदात कॉस्टिक सोडा आणि हायड्रो टाकतात. हायड्रो म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. त्यानं रंगाच्या रेणूचं क्षपण होतं, कॉस्टिकमुळे त्याचं विरघळणारं रूप तयार होतं आणि ते कापसाच्या धाग्यात खोलवर जातं. लड हवेत आली की ऑक्सिजन त्याचं ऑक्सिडीकरण करतो. रंग पुन्हा न विरघळणारा होतो आणि धाग्याच्या आत अडकून बसतो. मग तुम्ही चादर कितीही धुवा.

“आणि हायड्रो संपलं तर?” एका मुलानं विचारलं. काकांनी खिशातून पिवळ्या कागदाची पट्टी काढून हौदात बुडवली. क्षणात ती निळी झाली. “निळी झाली म्हंजे हायड्रो हाय. पिवळीच राहिली तर टाकायचं की अजून.” तो कागदही अशाच एका पिवळ्या रंगात रंगवलेला असतो आणि क्षपण झालं की निळा पडतो. कॉस्टिकसाठी त्यांच्याकडे दुसरा कागद होता, फिनॉल्फथॅलीनचा. तो गुलाबी झाला तेव्हा माझी मुलं एकदम बोलू लागली, कारण ते नाव त्यांच्या ओळखीचं होतं. काकांची शाळा सातवीत सुटलेली. त्यांना ‘दर्शक’ हा शब्द माहीत नव्हता, पण दर्शक कशासाठी असतो हे माझ्या वर्गातल्या कुणाहीपेक्षा चांगलं माहीत होतं. त्यांच्या मुलीनं ही सगळी प्रक्रिया परत येताना बाकीच्यांना न अडखळता समजावली, आणि मी मध्ये एक शब्दही बोलले नाही.

रंगवून झाल्यावर सूत साबणाच्या पाण्यात उकळतात. तिथं आमच्या गावाचं बोअरचं पाणी आडवं येतं. साबणाला फेस येत नाही, पांढरा साका धरतो. हा धागा मला सोडवेना, म्हणून पुढचे दिवस आम्ही पाण्यावरच काढले.

एका मुलानं घरातली बाद झालेली हीटरची कॉइल आणली. तिच्यावर पांढरा, खरखरीत थर. त्यावर लिंबू पिळलं, तर बारीक बुडबुडे फसफसून आले. थर कॅल्शियम कार्बोनेटचा, बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे. मग खायच्या चुन्याची पातळ निवळी केली आणि स्ट्रॉनं तिच्यात हळूहळू फुंकायला लावलं. निवळी दुधाळ होते हे सगळ्यांना पाठ होतं. तो दुधाळपणा म्हणजे कॉइलवरचाच पदार्थ, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. “थांबू नका, फुंकत राहा,” मी म्हटलं. गाल दुखेपर्यंत आळीपाळीनं फुंकलं आणि पाणी पुन्हा नितळ झालं.

ही जागा मला अख्ख्या उजळणीत सगळ्यात आवडते. कार्बन डायऑक्साइड जास्त झाला की न विरघळणाऱ्या कार्बोनेटचं विरघळणारं कॅल्शियम बायकार्बोनेट होतं. आमच्या बोअरच्या पाण्यात असतं ते हेच. पुस्तकी भाषेत दुष्फेन पाणी. मग ते नितळ पाणी गॅसवर उकळलं. पुन्हा गढूळ! बायकार्बोनेट तापून फुटलं. कार्बोनेट, पाणी आणि वायू असे तीन पदार्थ सुटे झाले. एका वाटीभर पाण्यात मुलांनी तीन समीकरणं पाहिली आणि नंतर ती वहीत संतुलित केली. रेणूसूत्रातले आकडे बदलायचे नाहीत, फक्त पुढचे गुणांक बदलायचे, हे किती वेळा सांगितलं होतं. त्या दिवशी सांगावं लागलं नाही. आकडा बदलला तर पदार्थच बदलतो, हे त्यांनी नुकतंच वाटीत पाहिलं होतं.

सगळेच धडे असे भेटत नाहीत. आवर्तसारणी पाठच करावी लागते, भिंगांच्या किरणाकृती हातानं काढूनच बसतात. बर्फाच्या वितळण्याचा अप्रकट उष्मा ८० कॅलरी प्रति ग्रॅम आणि पाण्याच्या बाष्पनाचा ५४०, हे आकडेही घोकावेच लागतात. पण सोलापूरच्या उन्हाळ्यात माठ इतका गार का होतो हे विचारलं, की ५४० त्यांना आठवतो. कोरड्या हवेत पाणी भराभर बाष्प होतं आणि जाताना तेवढी उष्णता माठातूनच घेऊन जातं.

विद्युत मोटारीच्या धड्यावर एकीनं मात्र मला छान प्रश्न टाकला. पुस्तकातल्या मोटारीला कार्बनचे ब्रश आहेत, बाबांच्या मागाच्या मोटारीत ते का नाहीत? ती मोटार थ्री फेजची, प्रत्यावर्ती धारेवर चालणारी. तिच्या फिरत्या भागात विद्युतधारा बाहेरून द्यावी लागत नाही, ती प्रवर्तनानं आतच तयार होते. परीक्षेत हे येत नाही. तरी त्या संध्याकाळी फ्लेमिंगचे नियम बाजूला ठेवून आम्ही त्या मोटारीचीच आकृती काढली.

आता धातुविज्ञान उरलंय. क्षरण रोखण्याच्या उपायांत कल्हई आहे, आणि माझ्या मुलांपैकी एकानंही ती पाहिलेली नाही. तापलेल्या पितळी पातेल्यात नवसागर टाकल्यावर उठणारा तो पांढरा धूर, २३२ अंशांना वितळणारं कथील, फडक्याच्या एका फेऱ्यात उजळणारं भांडं. हे शब्दांत सांगून भागत नाही. कल्हईवाल्याचा शोध चालू आहे. शेजारणींकडून पितळेची चार पातेली मागून ठेवली आहेत.