रंगाखाली दडलेली पलटण

१/ जव्हारहून मोखाडा, त्र्यंबकेश्वर ओलांडून नाशिकला जाणारा रस्ता पुढे देवळालीच्या तोफखाना विद्यालयापाशी नेतो. त्या भागात लष्करी ट्रक दिसला की त्याच्या क्रमांकातील ऊर्ध्वमुखी बाण लक्ष वेधून घेतो. ही ब्रिटिशकालीन सरकारी मालमत्तेची खूण. अशा रंगवलेल्या खुणांमध्ये महायुद्धाच्या इतिहासाचा एक मोठा भाग दडला आहे.

२/ जव्हार हे मुकणे घराण्याचे, ९ तोफांच्या सलामीचे संस्थान. महाराज यशवंतराव मुकणे यांनी दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात सेवा बजावली. राजांची नोंद राहते. तोफ ओढणाऱ्या गाडीच्या चालकाची क्वचितच राहते. त्याचा माग काढायचा, तर आधी त्याची पलटण ओळखावी लागते.

३/ उदाहरण म्हणून ४ थी (मराठा) रणगाडाविरोधी रेजिमेंट घ्या. ८ व्या भारतीय डिव्हिजनमधील ही तोफखान्याची पलटण इटलीत लढली. हे डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये तारांतो बंदरात उतरले आणि सांग्रो, कॅसिनो असे लढत एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर पोहोचले. तेथे व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नामदेव जाधव याच डिव्हिजनच्या पायदळातील. त्यांची शौर्यगाथा सांगितली जाते. त्याच डिव्हिजनमधील मराठा तोफची मात्र विस्मृतीत गेले.

४/ त्या काळच्या गाडीवर पलटणीचे नाव लिहीत नसत. दोन खुणा असत. एक डिव्हिजनची: ८ व्या डिव्हिजनची खूण होती क्लोव्हर, म्हणजे आपल्या आंबोशीसारख्या दिसणाऱ्या पानांची. दुसरी पलटणीची: तोफखान्यासाठी वर तांबडा, खाली निळा असा चौकोन आणि त्यावर पांढरा अंक. शिवाय पिवळ्या वर्तुळातील काळा आकडा गाडी कोणत्या क्षमतेच्या पुलावरून नेता येईल हे सांगे.

५/ खरी मेख येथे आहे. तोच पांढरा अंक निरनिराळ्या डिव्हिजनांत निरनिराळ्या पलटणींना दिलेला असे. शत्रूला सहजी उलगडा होऊ नये, हा हेतू. म्हणून दोन्ही खुणा एकत्र वाचल्या तरच पलटण कळते. एक पुसली गेली की दुसरी मुकी होते.

६/ युद्ध संपल्यावर असंख्य लष्करी ट्रक डिस्पोजलच्या विक्रीत निघाले व मालवाहतुकीला लागले. त्यांच्यावर नव्या रंगाचे थर चढले. मात्र आज सर्वाधिक धोका आहे तो प्रेमाने मारलेल्या ब्रशचा. जुनी गाडी ‘नव्यासारखी’ करण्याच्या हौसेत गंज खरवडताना मूळ चौकोनही जातो आणि त्या जागी अंदाजाने सुबक अंक काढला जातो. जव्हार-मोखाड्यातील वारली घरांत गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिला जातो. तो पुन्हा लिहिता येतो, कारण लिहिणारे हात व रीत जिवंत आहेत. पलटणीचा चौकोन पुन्हा काढला, तर ती केवळ नक्कल ठरते. पुरावा नष्ट झालेला असतो.

७/ मग करावे काय? हात लावण्यापूर्वी मोजपट्टी ठेवून छायाचित्रे घ्यावीत. तिरपा प्रकाश टाकावा. वरच्या रंगाखालील अंकाच्या कडा त्यात उठून दिसतात. त्यानंतर उत्खननातील थरांप्रमाणे लहानशा चौकटीत एकेक थर उकलावा व प्रत्येकाची नोंद करावी. हे काम जाणकाराचेच. नाहीसा झालेला अंक कल्पनेने भरू नये. तो दाखवायचाच असेल, तर शेजारच्या फलकावर दाखवावा.

८/ अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय किंवा नाशिक रोडचे तोफखाना संग्रहालय पाहताना तोफेच्या नळीपाशीच थांबू नका; गाडीच्या मडगार्डकडेही पाहा. घरात पणजोबांचे ट्रकशेजारी उभे असलेले छायाचित्र असेल, तर ते कापून केवळ चेहरा चौकटीत बसवू नका. चेहरा कोणाचा हे घर सांगेल. तो कोठे लढला, हे कदाचित कोपऱ्यातला तो चौकोनच सांगेल.