वाराचं पान

सकाळी साडेपाचला सदाशिव पेठेतल्या कुठल्याही बोळात उभं राहा. पाठीवर सॅक, हातात पाण्याची बाटली, पायांत स्लिपर अशी मुलंमुली झपाझप अभ्यासिकेकडे निघालेली दिसतील. परभणी, हिंगोली, बीड, जालना, धाराशिव, नंदुरबार, बुलढाणा अशा ठिकाणांहून राज्यसेवेसाठी, गट ब साठी, नाहीतर निघेल त्या सरळसेवेच्या जाहिरातीसाठी ती इथे येतात. सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता एवढ्याशा भागात ती इतक्या दाटीनं राहतात, की त्यांच्याकडे पाहून एकटेपणाचा विचार मनात येणारही नाही. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये दोन खोल्यांत नऊ कॉट आहेत. दोन कॉटच्या मधून आडवं होऊन जावं लागतं.

तरीही माझ्या ओळखीतली सगळ्यांत एकटी माणसं मला याच फ्लॅटमध्ये भेटली.

अभ्यासिका ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. प्लायवूडच्या आडोशानं वेगळं केलेलं दीड हाताचं टेबल, चार्जिंगचा एक पॉइंट, समोर चिकटवलेलं वेळापत्रक, त्याच्या कोपऱ्यात कधी वडिलांचा पासपोर्ट फोटो. महिन्याचे पैसे भरले की तेवढी जागा आपली. भिंतीवर शांतता राखण्याची पाटी. फोन आला तर जिन्यात जायचं. शेजारच्या टेबलावरच्या मुलाचा खोकला ओळखीचा होतो, त्याची पेन टकटकवायची सवय ओळखीची होते, पण वर्ष संपलं तरी त्याचं नाव माहीत होत नाही.

मैत्री होतच नाही असं मी म्हणणार नाही. टपरीवर चहाचे ग्लास घेऊन तासन्‌तास गप्पा चालतात. त्या असतात कट-ऑफच्या, आन्सर कीच्या, कुठल्या प्रश्नावर हरकत घ्यायची याच्या. पुढे दोघांपैकी एकाची पोस्ट निघते आणि दोघांनाही एकमेकांशी काय बोलावं ते कळेनासं होतं. निघालेला प्रशिक्षणाला जातो. राहिलेला आधी कॉट बदलतो, मग डीपी काढतो, मग ग्रुप सोडतो. काही शे जागांसाठी लाखांनी अर्ज येतात, तेव्हा राहिलेल्यांचीच संख्या मोठी असणार हे गणित सगळ्यांना पाठ असतं. खुल्या प्रवर्गाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 ही वयाची मर्यादा आहे. ती सोय म्हणून दिलेली आहे, पण तिच्यामुळे थांबायचं कधी हे ठरवायला बाहेरून कोणी येत नाही. ते ज्याचं त्यानं, एकट्यानं ठरवायचं.

गावी गेलं की पारावर हाक येते, "काय साहेब, गाडी कधी मिळतीय?" विचारणाऱ्याच्या मनात कौतुकच असतं. पण तिसऱ्या-चौथ्या वर्षी ही हाक सोसवत नाही. मग चुलतभावाच्या लग्नाला टेस्ट सिरीज आडवी येते, पोळ्याला जाता येत नाही, दिवाळीत मेस बंद असूनही मुलगा पुण्यातच राहतो. मुलींचं दुखणं आणखी निराळं. "एवढा एक अटेम्प्ट, मग स्थळं बघायची," असं घरी ठरलेलं असतं. त्यामुळे थकले, रडू येतंय, एवढंसुद्धा घरी बोलायची चोरी. बोललं की, "मग ये परत," हे उत्तर तयारच असतं.

समोरच्या फ्लॅटमधला एक मुलगा तापानं फणफणला होता. खोलीतले बाकीचे पहाटे गेले की रात्री अकराला येणार. ते वाईट नव्हते. त्यांनी गोळ्या आणून उशाशी ठेवल्या होत्या. संध्याकाळी मी जिना चढत होतो तेव्हा तो मधल्या पायरीवर भिंतीला टेकून बसला होता. कानाला फोन. खोकला आला की मोबाइलवर तळहात दाबून धरायचा, खोकून घ्यायचा आणि पुन्हा बोलायचा. "जेवलो की आई. वांग्याची भाजी होती. हां, चांगली होती." सकाळपासून त्याच्या पोटात बिस्किटांपलीकडे काही नव्हतं, हे मला त्यानं नंतर सांगितलं. आईला काळजी नको म्हणून तो खोटं बोलला आणि त्या खोट्यामुळे त्याची काळजी करू शकणारं एकमेव माणूसही दूर राहिलं. रोज असे किती फोन या पेठांतल्या जिन्यांवरून जात असतील!

एकटेपणा हे श्रीमंत देशांचं दुखणं, आपल्याकडे माणसांना काय तोटा, असं आपण समजून चालतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगानं जून 2025 मध्ये दिलेला अहवाल उलटं सांगतो. जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो, 13 ते 29 या वयात हे प्रमाण 17 ते 21 टक्के आहे, आणि गरीब देशांत ते 24 टक्के, म्हणजे श्रीमंत देशांच्या दुप्पट. मला याचं नवल वाटलं नाही. नऊ कॉटच्या फ्लॅटसमोर राहणाऱ्याला वाटूही नये.

या पेठांना परगावचा विद्यार्थी नवा नाही. 1909 मध्ये निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाची, म्हणजे आजच्या पुणे विद्यार्थी गृहाची मुलं माधुकरी मागून शिकली. वार लावून जेवायची रीत तर त्याहून जुनी. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. त्या घासात उपकाराची जाणीव मिसळलेली असे, आणि उंबरठा जातीनं आखलेला होता. आज समोर राहणाऱ्या बहुतेक मुलांच्या पणजोबांना त्या पंगतीत पान मिळालं नसतं. हे विसरून त्या काळाचे गोडवे गाण्यात मला रस नाही. ती दारं बंद होती म्हणूनच शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी केली. भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात निरनिराळ्या जातींच्या मुलांना एका छताखाली आणलं, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या मुलांच्या जेवणासाठी गळ्यातलं मंगळसूत्रही दिलं. त्या बोर्डिंगात मुलं आळीपाळीनं स्वयंपाक करत, पाणी भरत, शेतात राबत. एखादा नापास झाला तरी त्याच्या पाळीचं पाणी त्यालाच भरावं लागे. तो नसेल तर कोणाचं तरी अडत होतं.

आजच्या कॉटवर नेमकं हेच नाही. महिन्याच्या भाड्याखेरीज त्या मुलाकडून कोणालाच काही नको असतं. तो जेवला नाही तर मेसचं अडत नाही, तो आला नाही तर टेबल दुसऱ्याला देता येतं. अधिकारी झाल्यावर सगळ्यांना हवा असणारा माणूस तोवर कोणालाच लागत नाही, आणि तो 'तोवर' सहा-सात वर्षांचा असू शकतो. समुपदेशन हवं, 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर प्रत्येक अभ्यासिकेत लावलेला हवा, हे मी आग्रहानं म्हणेन. पण आपल्यावाचून कोणाचं तरी अडतं, हा भरवसा फोनवरून देता येत नाही.

मार्च 2021 मध्ये राज्यसेवेची पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर आली असताना पुढे ढकलली गेली, तेव्हा ही मुलं शास्त्री रस्त्यावर उतरली. ऑगस्ट 2024 मध्ये राज्यसेवा आणि बँकेची परीक्षा एकाच दिवशी आल्या, तेव्हा पुन्हा रस्त्यावर बसली, रात्रीसुद्धा. त्या रात्री बसलेला एक जण मला म्हणाला, "काका, माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो ना, त्याचं नाव मला तिथं कळलं." मागणी मान्य झाली, परीक्षा पुढे गेली, दोघं परत आपापल्या आडोशाला जाऊन बसले. पण आता निदान चहाला जाताना एकमेकांना हाक मारतात.

तापातून उठलेल्या मुलाला आम्ही गुरुवार ठरवून दिला आहे. आधी तो संकोचानं नाही म्हणायचा. मग बायकोनं त्याला मंडईतून भाजी आणायचं काम लावलं, तेव्हापासून चुकत नाही. उशीर झाला तर, "काकू, निघालोय," असा निरोप येतो. दिवाळीनंतर त्यानं गावाहून येसर आणला. इथल्या आमटीला चव नाही, असं त्याचं म्हणणं. येसर किती घालायचा हे त्याला धड सांगता येईना, म्हणून त्यानं आईला फोन लावून काकूच्या हातात दिला. दोघी पाऊण तास बोलल्या. गूळ घालायचा की नाही यावर एकमत झालं नाही, परीक्षेचा विषय निघाला नाही, आणि आमटी त्या दिवशी चांगलीच तिखट झाली.